जुनं फर्निचर घरीच उभं करताना: कोल्हापूरच्या हवेत, पहिल्या पायरीपासून

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, जिकडे बघाल तिकडे जुने वाडे उतरतायत आणि अपार्टमेंट उभी राहतायत. वाडा उतरला की त्यातलं सामान फ्लॅटमध्ये मावत नाही. सागवानी कपाट, लांब हातांची आरामखुर्ची, पितळी कड्यांचा संदूक, ओतीव पायांचं शिलाई मशीन. अर्धं भंगारवाल्याच्या गाड्यावर जातं, उरलेलं गच्चीवरच्या खोलीत ओल खात पडतं. त्यातलं बरंचसं घरच्या घरी पुन्हा वापरात आणता येतं. सुतारकीचं शिक्षण त्याला लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी लाकडाची ओळख, मग सांधे, मग घासकाम, आणि रंग सगळ्यात शेवटी. नवखा माणूस बहुतेक वेळा आधी ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन येतो. हलणाऱ्या खुर्चीला कितीही चांगला रंग दिला तरी ती हलतच राहते, आणि सांध्याच्या रेघेवर तो रंग थोड्याच दिवसांत तडकतो.

पहिलं काम म्हणून आजीचं कपाट काढू नका. एखादा पाट, चौरंग, स्टूल किंवा तिवई घ्या. त्यात सांधा आहे, सपाट भाग आहे, कडा आहेत, म्हणजे शिकायला लागतं ते सगळं आहे. आणि बिघडलं तरी जीव तळमळत नाही.

कधी करायचं

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त महत्त्वाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा इतकी दमट असते की लाखेचं पॉलिश केलं तर त्यावर दुधाळ पांढरट झाक येते. पॉलिशमधलं स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, म्हणून हे होतं. ऑइल पेंटही पावसाळ्यात लवकर सुकत नाही, हात लावला की बोटाचे ठसे उमटतात. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने या कामाला सगळ्यात चांगले. एप्रिल-मे चालतो, पण सकाळच्या वेळात. भर दुपारी रंग वरून लगेच धरतो, आतून ओला राहतो आणि मग सुरकुततो. शिवाय वळिवाचा भरवसा नसतो. रंगवलेली वस्तू अंगणात ठेवून बाहेर गेलात तर परत येईपर्यंत तिच्यावर थेंबांचे खड्डे पडलेले असतील.

सगळ्यात जास्त घाई होते ती गणपतीच्या तोंडावर. टेबल, चौरंग, देव्हारा सगळं चकचकीत हवं असतं आणि नेमका तेव्हा पाऊस लागलेला असतो. त्या दिवसांत पॉलिशला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वस्तू स्वच्छ पुसा, खिळखिळे सांधे आवळा, वर चांगलं वस्त्र अंथरा, आणि पॉलिश दिवाळीनंतर करा. रंग द्यायचाच असेल तर पाण्याचा (पाण्यात मिसळणारा) इनॅमल घ्या, कोरडा दिवस बघून पंख्याखाली काम करा.

पावसाळ्यात आणखी एक चूक हमखास होते. ड्रॉवर अडकतो, कपाटाचं दार लागत नाही, आणि आपण मिस्त्रींना बोलावून रंधा मारून घेतो. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगतं आणि थंडीत परत आकसतं. श्रावणात रंधा मारलेलं दार माघात फटीतून उजेड दाखवतं. अडकणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा, तेवढ्याने चालतं. थंडीतही दार घासतच असेल तर मग रंध्याचा विचार करा, पण आधी बिजागरीचे स्क्रू सैल झालेत का ते बघा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, लोंबलेलं असतं.

लाकूड ओळखणं

वस्तू उलटी करा. पॉलिश वरच्या बाजूला असतं. खरं लाकूड दिसतं ते खालून, ड्रॉवरच्या मागून, कपाटाच्या पाठीतून. सागवान सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, ताजं घासलं की चामड्यासारखा वास येतो. शिसवी गडद, उचलायला जड, त्यात काळपट पट्टे. फणसाचं लाकूड मुळात पिवळं असतं आणि वर्षांनुवर्षं तपकिरीकडे जातं. आंब्याचं फिकट, हलकं, आणि किडीला सगळ्यात आधी बळी पडणारं. वरून सागवानाच्या रेषा आणि कडेला थरावर थर दिसत असतील तर ते प्लायवर चिकटवलेलं व्हिनियर. तो वरचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. त्यावर जाड पॉलिश पेपर चालवला तर दोन हातांत खालचा प्लाय बाहेर येतो. कडेला भुसा दाबल्यासारखा दिसत असेल तर पार्टिकल बोर्ड. एकदा पाण्याने फुगला की तो परत बसत नाही. त्यावर वेळ आणि पैसा घालवू नका, त्याच्या बिजागऱ्या-मुठी तेवढ्या काढून ठेवा.

आता कीड बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. भरीव आवाज अचानक पोकळ झाला की तिथे थांबा आणि टोकाने दाबून बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. मोहरीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारी कीड. जुनी भोकं असणं वेगळं आणि कीड चालू असणं वेगळं. वस्तू काळ्या कागदावर ठेवा, आठवड्याने बघा. कागदावर ताजं पीठ पडलेलं असेल तर कीड जिवंत आहे. बाजारात मिळणारं लाकडाचं कीडनाशक सिरिंजने भोकाभोकात सोडा, बाकी पृष्ठभागावर ब्रशने लावा, हातमोजे आणि मास्क घालून, खिडक्या उघड्या ठेवून. डब्यावरच्या सूचना पूर्ण वाचा. ते पूर्ण सुकेपर्यंत पॉलिश नाही. वाळवी मात्र फक्त वस्तूत नसते, ती भिंतीतून किंवा जमिनीतून आलेली असते, त्यामुळे वस्तू जिथे ठेवली होती ती जागाही तपासा.

पुरात भिजलेलं फर्निचर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोक्याची पातळी, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर रस्त्याच्या कडेला फर्निचरचे जे ढीग लागले होते त्यात वाचवण्याजोगं सागवानही होतं. म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

पाणी वाढतंय असं कळलं की वरच्या मजल्यावर आधी पार्टिकल बोर्ड, प्लाय आणि गाद्या चढवा. माणसं सवयीने जड सागवानी पलंगाशी झटतात आणि खालच्या खोलीतलं बोर्डाचं कपाट पाण्यात जातं. भरीव सागवान दोन दिवस पाण्यात राहूनही परत उभं राहतं, बोर्ड राहत नाही. कपाट हलवणं शक्यच नसेल तर निदान ड्रॉवर बाहेर काढा आणि दारं उघडी ठेवा. फुगलेला ड्रॉवर आतच अडकला की नंतर फोडावा लागतो.

पाणी उतरल्यावर गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन काढा. वाळलेला गाळ सांध्यांत सिमेंटासारखा बसतो. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा. उन्हात ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि फळी उभी चिरते. मागची प्लायची पाठ काढता आली तर काढा म्हणजे हवा आरपार जाईल. पूर्ण वाळायला एक-दोन महिने धरून चाला. तोवर सांध्यांना हात लावू नका, कारण वाळताना त्यातले काही आपोआप बसतात.

हत्यारं आणि सामान

लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानांत एका फेरीत सगळं मिळतं. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे, एक पाऊण इंची पटाशी, साधा हातोडा आणि रबरी हातोडा, लांबी (खड्डे-चिरा भरायचा लेप) भरायची पट्टी, फेविकॉल, सुती दोरी, दोन इंची चांगला ब्रश, मास्क आणि हातमोजे. ब्रशमध्ये कंजुषी करू नका, स्वस्त ब्रशचे केस रंगात अडकतात आणि सुकल्यावर दिसतात. ड्रिल मशीन शेजाऱ्याकडून मागून आणा. रंधा सुरुवातीला लागत नाही. एखादी फळी बदलायची असेल तर टिंबर मार्केटमधल्या वखारीत जुन्या वासा-दरवाजाचं लाकूड विचारा. ते पुरतं वाळलेलं असतं आणि जुन्या वस्तूच्या रंगाशी जुळतंही.

धुणं-पुसणं

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, फडकं घट्ट पिळून घ्यायचं, पुसायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर तेलाचा आणि धुराचा चिकटा असतो, त्याला धुण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. नंतर सगळी वस्तू टर्पेंटाइनने पुसा. आपल्याकडे लाकूड चमकवायला खोबरेल तेल चोळायची पद्धत आहे आणि ते तेल वर्षानुवर्षं लाकडात मुरलेलं असतं. ते न काढता रंग दिला तर महिनाभरात पापुद्रे सुटतात.

सांधे

खुर्ची दोन कोपऱ्यांना धरून तिरकी दाबा, मग उलट्या दोन कोपऱ्यांना. कुठून कुरकुरते ते कान देऊन ऐका आणि खडूने खूण करा. सैल सांध्यावर खिळा ठोकायचा नाही, हे मी कितीही वेळा सांगेन. खिळ्याने लाकूड चिरतं, खिळा गंजतो, आणि पुढे जो कुणी दुरुस्त करेल त्याला तो सांधा सोडवताच येत नाही.

सैल सांधा पूर्ण सोडवा. प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या खाचेवर एकच आकडा लिहा, कारण हाताने बनवलेल्या खुर्चीचे चार पाय एकसारखे कधीच नसतात. रबरी हातोडा नसेल तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोका. जुन्या वस्तूंत सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक, वापरलेला असतो. सुटत नसेल तर सांध्यावर गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं थोडा वेळ धरा, सरस मऊ पडतो. सुटल्यावर जुना सरस पटाशीने खरवडून लाकूड उघडं करा. नव्या फेविकॉलला धरायला लाकूड लागतं, जुन्या सरसावर तो धरत नाही. म्हणूनच वरून फेविकॉल ओतून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

मग दोन्ही बाजूंना पातळ फेविकॉल लावून सांधा बसवा. ओलाव्याच्या जागची वस्तू असेल तर पाण्याला टिकणारा प्रकार मागून घ्या. आवळायला शिकंजा (क्लॅम्प) नसेल तर दोरीचा दुहेरी फेरा खुर्चीच्या पायांभोवती टाका, त्यात एक छोटी काठी घाला आणि पीळ देत जा. पुरेशी आवळली की काठी पायाला अडकवून ठेवा. दोरीखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा, नाहीतर लाकडावर वळ उठतात. लगेच खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघा. फेविकॉल ओला आहे तोवरच हे सुधारता येतं. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने टिपून घ्या. राहिला तर तिथे पॉलिश मुरत नाही आणि फिकट डाग दिसतो. पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही.

कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, झिजून खुळखुळत असेल तर फेविकॉल एकटा पुरत नाही. त्याच लाकडाची पातळ पाचर फेविकॉल लावून मारा. बिजागरीचा स्क्रू भोकात नुसता फिरत असेल तर आगपेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, सुकल्यावर कापून सपाट करा, आणि तोच स्क्रू पुन्हा आवळा.

वेताची बैठक

वेत तुटला नसेल आणि बैठक फक्त झोळीसारखी खाली गेली असेल तर नवं विणकाम करून घेण्याआधी एक उपाय करा. खुर्ची उलटी करा आणि खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं वेतावर चांगलं दाबून दाबून भिजवा. वरची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असते, ती पाणी घेत नाही. खालची खरबरीत बाजू घेते. वेत मऊ आणि जरा गडद दिसायला लागला की थांबा, खुर्ची सावलीत ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणाला बसू देऊ नका. वाळताना वेत आकसतो. दुसऱ्या दिवशी बोटाने टिचकी मारली तर तो ताणून बसलेला कळतो. दोन-चार पट्ट्या तुटलेल्या असतील तर मात्र विणकाम करणाऱ्याकडेच द्या. वेत आपण स्वतः विणायला शिकण्यात वेळ खूप जातो.

घासणं, आणि जुन्या रंगाबद्दल एक इशारा

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, विशेषतः जुने पिवळे, लाल, हिरवे आणि पांढरे थर. असा रंग कोरडा घासू नका. त्याची धूळ श्वासातून आणि हातावाटे पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. जुना पाळणा, मुलांची टेबल-खुर्ची, खिडकीची दारं रंगवायची असतील तर पाणी मारून वॉटर पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, तो गाळ गोळा करून बंद पिशवीत टाका. जाळून रंग काढायचा नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या जागेपासून लांब. रंग घट्ट बसलेला असेल तर काढूच नका, हलका ओला हात मारून वरून प्रायमर द्या. पाळण्याच्या बाबतीत मी आणखी पुढे जाऊन सांगेन: मूल जो कठडा चावू शकतं त्यावर जुना रंग राहू नये, आणि तो सुरक्षितपणे काढता येत नसेल तर त्यात मूल ठेवू नये.

बाकी घासकाम सोपं आहे. नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलं की ओरखडे पॉलिशखाली दुप्पट उठून दिसतात. खडबडीत भरीव लाकडाला ८० ने सुरुवात, मग १२०, १८०, २२०. नंबर मध्येच गाळू नका. व्हिनियरला थेट १८० किंवा २२०, आणि तेही हलक्या हाताने. पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून धरा, नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात.

पॉलिश की रंग?

सागवान, शिसवी, फणस यांना रंगाखाली झाकू नये असं मला मनापासून वाटतं. आंबा, प्लाय, ठिकठिकाणी लांबी भरलेली वस्तू, लोखंड, यांना खुशाल रंग द्या.

जुनं पॉलिश खरवडायच्या आधी ते कशाचं आहे ते बघा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात, समजा टेबलाच्या पायाच्या आतल्या बाजूला, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. कापूस तपकिरी झाला आणि पृष्ठभाग बोटाला चिकटायला लागला तर ते लाखेचं पॉलिश. वाड्यांतल्या बहुतेक जुन्या वस्तूंवर हेच सापडतं. असं असेल तर तुमचं निम्मं काम वाचलं, कारण लाख पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळते. खरवडायची गरज नाही. ३२० चा हलका हात मारा, धूळ पुसा, वर नवी लाख द्या. नवी लाख जुन्या थरात मिसळून एकजीव होते. स्पिरिटने काहीच झालं नाही तर वर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वार्निश आहे, ते पूर्ण घासून काढावं लागेल.

लाखेचं पॉलिश घरी करता येतं. एक लिटर स्पिरिटमध्ये सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, काचेच्या बाटलीत टाका. पत्र्याचा डबा नको, लोखंडाने लाख काळी पडते. रात्रभर ठेवा, मधून हलवा, मग पातळ कापडातून गाळा. कापसाचा बोळा मलमलच्या धुतलेल्या तुकड्यात बांधा, लाखेत बुडवून पिळा, हाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघा. ओलसर लागला पाहिजे, निथळता कामा नये. आता रेषांच्या दिशेने लांब हात मारा. बोळा लाकडावर टेकवताना आणि उचलताना हात हलता ठेवा; जिथे थांबाल तिथे तो चिकटतो आणि खालचा थर उचलतो. अर्ध्या तासाने पुढचा हात. दोन-तीन हातांनंतर ३२० चा अगदी हलका पेपर, पुसून पुन्हा हात. सहा-आठ हातांत लाकूड आतून उजळल्यासारखं दिसायला लागतं. एकदम जाड थर देऊन काम संपवायला जाऊ नका, ओघळ येतात.

लाखेला गरम चहाचा कप आणि पाणी चालत नाही, पांढरी कडी उठते. म्हणून जेवणाच्या टेबलाला लाख नको, तिथे पीयू किंवा मेलामाइन. त्यांचा वास उग्र असतो, गच्चीवर किंवा दारं उघडी ठेवून काम करा.

आगीची काळजी घ्या. स्पिरिट, थिनर, टर्पेंटाइन उघडे असताना त्या खोलीत देवाजवळचा दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको. स्पिरिटच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ते पोटात गेलं तर विष आहे. जवसाचं तेल लाकडाला लावलं असेल तर ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

रंगाचा क्रम असा: वूड प्रायमरचा एक हात, सुकल्यावर खड्डे आणि चिरांत लांबी, १८० ने घासणं, प्रायमरचा दुसरा हात, २२० ने हलकं घासणं, मग इनॅमलचे दोन हात. कडेचा मोठा तुकडा उडालेला असेल तर एम-सीलने भरून आकार द्या. लांबी मोठ्या खळग्यात टिकत नाही, आकसून निघते. पॉलिश करायच्या वस्तूला मात्र रंगाची लांबी लावू नका, पांढरे डाग दिसतात. त्याच लाकडाचा बारीक भुसा घट्ट लाखेत कालवून भरा.

ऑइल इनॅमल डब्यातल्या जाडीत लावू नका, थोडं टर्पेंटाइन घालून ब्रश सहज ओढला जाईल इतपत करा. आधी कोपरे आणि नक्षी, मग सपाट भाग. शेवटचा हात रिकाम्या ब्रशने एकाच दिशेने हलका ओढा. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. एक लिटर रंगात साधारण १०० चौरस फुटांचा एक हात होतो. सहा फुटी कपाटाच्या बाहेरच्या अंगाला दोन हात द्यायला एक लिटर पुरतो. दाराआडच्या, अंधाऱ्या जागी पांढरा ऑइल इनॅमल काही काळाने पिवळा पडतो, तिथे पाण्याचा इनॅमल घ्या.

लोखंडी कपाट

गंज तारेच्या ब्रशने आणि १२० च्या पेपरने धातू चमकेपर्यंत काढा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्या. आपल्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर पुन्हा तांबूस थर दिसतो. खालचा पत्रा कुजून भोक पडलं असेल तर शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग करून घ्या. पावडर कोटिंग करून घ्यायचं ठरवलं तर नेण्याआधी आरसा, कुलूप, रबर, प्लास्टिकच्या मुठी सगळं उतरवा. भट्टीत वस्तू १८० ते २०० अंशांपर्यंत तापते.

नव्या कामाला लावताना

वस्तूचा उपयोग बदलायचा असेल तर कापण्याआधी विचारा: हे परत पूर्वीसारखं करता येईल का? शिसवी पलंगाची पाठ कापून बाक करण्याआधी महिनाभर थांबा. संदूक न कापता टीपॉय होतो, वर जाड काच ठेवली की झालं, आणि आतली जागा अंथरुणांना राहते. झाकणाला आतून साखळी लावा, मुलांच्या बोटांवर पडू नये. शिलाई मशीनच्या ओतीव पायांवर सागवानी फळी बसवली की अभ्यासाचं टेबल तयार. फळी पायांना घट्ट आवळताना भोकं किंचित मोठी ठेवा आणि वायसर घाला, कारण पावसाळ्यात फळी रुंदीने फुगणार आणि तिला हलायला जागा लागणार. ही जागा न ठेवलेली फळी पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. जुना पाट भिंतीवर फळी म्हणून चांगला दिसतो, पण पुस्तकं ठेवायची असतील तर ब्रॅकेट जवळजवळ मारा. एक फूट पुस्तकांचं वजन आठ-दहा किलो भरतं. पाऊण इंची फळीला अडीच फुटांपेक्षा जास्त मोकळा पल्ला देऊ नका, मध्ये झोल येतो.

इनॅमल हाताला सुकला तरी आतून कडक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर त्यावर वर्तमानपत्र, प्लास्टिक किंवा जड वस्तू ठेवली तर चिकटते. फर्निचर जागेवर नेताना भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, पायांखाली रबराचे तुकडे लावा, आणि पहिला पाऊस सुरू झाला की कपाटाची पाठ एकदा हात फिरवून बघा, भिंतीची ओल तिथेच आधी कळते.